जोडलेली हार्ड डिस्क संगणकाला दिसत नसेल तर: खाऱ्या हवेतील तपासणीचा क्रम

गुहागर तालुक्यात संगणक दुरुस्तीचे दुकान चालवताना एक तक्रार माझ्याकडे वर्षभर येत राहते आणि मिरगाचा पाऊस सुरू झाला की ती जवळजवळ रोजची होते. बाहेरून जोडायची हार्ड डिस्क परवापर्यंत नीट चालत होती, आज जोडली तर कॉम्प्युटर ती घेतच नाही. समुद्र दुकानापासून हाकेच्या अंतरावर आहे. दरवर्षी रंग देऊनही शटरच्या पट्ट्या ज्या हवेत गंजतात, त्याच हवेत ही डिस्क कपाटातल्या कपड्यांमागे आठ-आठ महिने पडून असते आणि गणपतीत मुंबईहून चाकरमानी आले की जुने फोटो दाखवण्यासाठी बाहेर निघते. अशी डिस्क समोर आली की मी सर्वांत आधी एवढेच विचारतो की, इथे येण्यापूर्वी घरी काय काय करून पाहिले. माझ्या अनुभवात मूळ बिघाडाने जेवढी माहिती गेली, त्यापेक्षा अधिक माहिती बिघाडानंतरच्या घाईगर्दीत गेली आहे.

लक्षणे

'डिस्क दिसत नाही' हे एकच वाक्य अनेक वेगळ्या बिघाडांसाठी वापरले जाते, त्यामुळे आपल्या डिस्कचे लक्षण नेमके कोणते ते प्रथम ठरवावे. काही डिस्का अगदी शांत असतात. ना दिवा लागत, ना हाताला थरथर जाणवत. काहींचा दिवा लागतो, डिस्क फिरू लागते आणि दोन-चार सेकंदांत थांबते, पुन्हा फिरते, पुन्हा थांबते, आणि संगणकाचा जोडणीचा व तोडणीचा आवाज आलटूनपालटून येत राहतो. काहींच्या बाबतीत डिस्क फिरते, पण यूएसबी उपकरण ओळखता आले नाही अशा अर्थाचा संदेश पडद्याच्या कोपऱ्यात येतो. कधी कसलाच संदेश येत नाही, डिस्क शांतपणे फिरत असते, फक्त 'धिस पीसी'मध्ये तिचे चिन्ह उमटत नाही. कधी चिन्ह उमटते, पण उघडायला जावे तर आधी डिस्क फॉरमॅट करावी लागेल असे सांगितले जाते. आणि कधी नाव, चिन्ह सगळे दिसते, मात्र एखादे फोल्डर उघडताच संगणक मिनिटेच्या मिनिटे अडकून बसतो.

यांहून वेगळा आणि गंभीर प्रकार आवाजाचा आहे. डिस्कमधून ठरावीक अंतराने टक्-टक् असा ठोका येत असेल किंवा ती न फिरता बारीक पीं-पीं करत असेल, तर पुढील कोणतीही तपासणी न करता केबल काढावी आणि थेट या लेखाचा शेवटचा भाग वाचावा. डिस्क हातातून पडली असेल, भिजली असेल किंवा तिला जळका वास येत असेल, तर आवाज नसला तरी हेच लागू आहे.

कान लावून ऐकणे

सर्वांत स्वस्त तपासणी कानाने होते. डिस्क टेबलावर सपाट ठेवावी, केबल जोडावी आणि कान जवळ न्यावा. फिरत असलेली डिस्क उचलून कानाशी धरू नये. निरोगी डिस्क जोडल्याबरोबर हलकेच 'सर्रर्र' करत वेग घेते, एक-दोन बारीक खुट् असे आवाज करते आणि मग एकसुरी होते. लहान आकाराच्या, म्हणजे अडीच इंची डिस्कमधल्या तबकड्या बहुधा मिनिटाला ५४०० फेरे घेतात आणि वाचक-सुई, जिला आम्ही हेड म्हणतो, ती तबकडीला न टेकता हवेच्या पातळ थरावर काही नॅनोमीटर उंचीवर तरंगत असते. ठोक्यांचा आवाज म्हणजे हेडला तबकडीवरच्या खुणा वाचता येत नसल्यामुळे ते पुन्हा पुन्हा मागे जाऊन नव्याने प्रयत्न करत आहे. न फिरता येणारी पीं-पीं बहुतेक वेळा हेड तबकडीला चिकटल्याची किंवा मोटर अडकल्याची असते. अर्थात अपुऱ्या विजेवरही डिस्क कधी कधी असाच कुंथणारा आवाज काढते, म्हणून न पडलेल्या, न भिजलेल्या आणि जळका वास नसलेल्या डिस्कची पीं-पीं असेल तर वरच्या नियमाला अपवाद म्हणून एकदा, आणि फक्त एकदाच, चांगल्या केबलने डेस्कटॉप संगणकाच्या मागच्या पोर्टमध्ये जोडून ऐकण्यास माझी हरकत नसते.

ऐकण्याचे महत्त्व यासाठी की त्यावरून पुढची वाट ठरते. डिस्क व्यवस्थित फिरत असेल तर तिचे पोट बहुधा ठीक आहे आणि दोष केबल, वीज, पेटीतले छोटे सर्किट किंवा माहितीची मांडणी यांपैकी कुठेतरी आहे. अजिबात फिरत नसेल तर आधी वीज पोहोचते का ते पाहायचे.

केबल आणि तिची दोन तोंडे

इकडच्या किनाऱ्यावर माझा पहिला संशय नेहमी केबलच्या डिस्ककडील तोंडावर असतो. २००८ साली यूएसबी ३.० आले, त्यानंतरच्या बऱ्याच डिस्कांना रुंद, चपटे आणि मधे खाच असलेले तोंड असते. त्याचा मोठा भाग म्हणजे जुन्या फोनच्या चार्जरचेच तोंड. वीज आणि जुन्या वेगाची देवाणघेवाण त्यातून होते. शेजारच्या छोट्या भागातले पाच संपर्क वाढीव वेगासाठी असतात. ही रचना लक्षात ठेवली तर फुकटात एक तपासणी करता येते. घरात जुन्या अँड्रॉइड फोनची केबल पडलेली असेल, तर ती डिस्कच्या तोंडाच्या मोठ्या भागात व्यवस्थित बसते. त्या केबलने डिस्क संथपणे का होईना पण दिसू लागली, तर डिस्क जिवंत आहे आणि मूळ केबल किंवा छोट्या भागातले संपर्क दोषी आहेत एवढे निश्चित होते. मात्र काही फोन केबलींमध्ये फक्त चार्जिंगच्या तारा असतात, त्यामुळे जिच्यावरून फोनमधले फोटो संगणकावर उतरवले आहेत अशीच केबल या कामी घ्यावी.

तोंडात काय होते ते भिंगाखाली पाहण्यासारखे असते. संपर्कपट्ट्यांवर सोन्याचा एका मायक्रॉनहूनही पातळ मुलामा असतो, त्याखाली निकेल आणि त्याखाली तांबे. मुलाम्यातल्या सूक्ष्म छिद्रांतून खारट दमटपणा आत शिरतो आणि तांब्यावर हिरवट बुरा धरतो. कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात ताक ठेवले की ते कळकते हे आपल्याकडच्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. इथे धातू आणि हवा यांच्यात घडते ते त्याच जातीचे आहे, फक्त भांडे नखाएवढे आहे. गेल्या पावसाळ्यात एका गृहस्थांनी 'मेलेली' म्हणून आणलेल्या डिस्कच्या तोंडात पाचपैकी दोन पट्ट्या अशा हिरव्या पडल्या होत्या आणि एका कोपऱ्यात मुंग्यांची वाळलेली अंडी होती. नमनाच्या आठ वर्षांच्या चित्रफिती त्या डिस्कमध्ये होत्या, आणि दहा मिनिटांच्या सफाईनंतर त्या सगळ्या दिसू लागल्या.

सफाईची रीत अशी. डिस्क पूर्णपणे सुटी करावी. संगणकाच्या किंवा मोबाइलच्या सुट्या भागांच्या दुकानात मिळणारे ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल नव्या, मऊ टूथब्रशवर अगदी थोडे घ्यावे आणि तोंडाच्या आत अलगद फिरवावे. मग केबल तीन-चार वेळा घालून काढावी, म्हणजे घासल्याने उरलेला बुरा निघतो, आणि अर्धा तास सुकू द्यावे. जखम पुसण्याचे औषधी स्पिरिट वापरू नये, कारण त्यात पाणी बरेच असते. टाचणीने किंवा ब्लेडने खरवडू नये आणि खोडरबराने घासू नये. उरलासुरला मुलामाही त्यात निघून जातो आणि पुढच्या पावसाळ्यात तोच दोष दुपटीने येतो. तोंडाने फुंकर मारण्याची सवय तर सोडूनच द्यावी, कारण फुंकरीबरोबर बाष्प आत जाते.

सफाईनंतरही तोंडात केबल हलत असेल, बोट लावल्यावर डिस्क दिसते आणि सोडल्यावर जाते असे होत असेल, तर आधी नवी केबल घ्यावी. तिला दोन-तीनशे रुपयांपेक्षा फारसा खर्च येत नाही. नव्या केबलीनेही हालचाल कायम राहिली तर डिस्कवरचे तोंडच डाकापासून सुटलेले आहे. ते पुन्हा डाकणे हे मोबाइल दुरुस्ती करणाऱ्या कुशल कारागिराचे काम आहे. केबलखाली कागदाची घडी कोंबून डिस्क चालवणारे लोक मी पाहिले आहेत. माहिती लिहिली जात असताना जोडणी क्षणभर तुटली, तरी फाइलींच्या नोंदी अर्धवट राहू शकतात, म्हणून अशी तडजोड फार तर एकदाच माहिती बाहेर काढण्यासाठी करावी.

पोर्ट आणि वीज

यूएसबी २.० च्या पोर्टमधून नियमाप्रमाणे ५०० मिलिअँपिअर आणि ३.० च्या पोर्टमधून ९०० मिलिअँपिअर वीज मिळते. अडीच इंची डिस्कला स्थिर फिरण्यासाठी एवढी लागत नाही, पण तबकड्या थांबलेल्या अवस्थेतून वेग घेताना तिची भूक क्षणभर एक अँपिअरच्या आसपास जाऊ शकते. त्यामुळे फिरायला लागून लगेच थांबणाऱ्या डिस्कचे कारण पुष्कळदा उपासमार हेच असते. डेस्कटॉपच्या पुढच्या बाजूचे पोर्ट आतून बारीक तारेने मदरबोर्डला जोडलेले असतात आणि त्या तारेत व्होल्टेज पडते; मागचे पोर्ट थेट बोर्डावर असतात, म्हणून चाचणी नेहमी मागच्या पोर्टवर करावी. हब, एक्स्टेंशन केबल आणि टीव्हीचा पोर्ट या तीन गोष्टी चाचणीतून बाद कराव्यात. लॅपटॉप असेल तर चार्जर लावूनच डिस्क जोडावी.

साडेतीन इंची मोठ्या डिस्कला स्वतंत्र १२ व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर असतो आणि तिच्या बाबतीत पूर्ण शांततेचे पहिले कारण तो अ‍ॅडॅप्टरच असतो. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली-मंडणगडकडे कित्येक दिवस वीज नव्हती आणि ज्यांनी जनरेटरवर कामे चालवली, त्यांचे अ‍ॅडॅप्टर पुढच्या दोन-तीन महिन्यांत माझ्याकडे एकामागून एक आले. मल्टिमीटर असेल तर अ‍ॅडॅप्टरच्या टोकाला १२ च्या आसपास व्होल्ट मिळतात का ते मोजावे. मोजमाप बरोबर आले तरी भार पडल्यावर व्होल्टेज कोसळू शकते, म्हणून तेवढ्याच व्होल्टचा, तेवढ्याच किंवा अधिक अँपिअरचा आणि टोकाचे धन-ऋण तसेच असलेला दुसरा अ‍ॅडॅप्टर लावून पाहणे ही पक्की चाचणी होय.

पण येथे सावध राहावे. टोक बसते म्हणून लॅपटॉपचा १९ व्होल्टचा चार्जर डिस्कला लावल्याच्या घटना माझ्याकडे दरवर्षी येतात. पुष्कळ डिस्कांच्या सर्किटवर अशा प्रसंगी स्वतः शॉर्ट होऊन बाकीचे सर्किट वाचवणारा एक छोटा संरक्षक डायोड असतो, आणि तो जाणकार माणसाने काढला की डिस्क पुन्हा उठते. हा डायोड गेल्यावर डिस्क मुळीच आवाज करत नाही, म्हणून चुकीचा अ‍ॅडॅप्टर लावला असेल तर ते दुरुस्ती करणाऱ्याला न लाजता सांगावे. त्या एका वाक्याने त्याचे बरेच तास वाचतात.

विजेच्या संदर्भात आणखी एक स्थानिक कारण आहे. वातानुकूलित खोलीतून थंडगार डिस्क जुलैच्या दमट हवेत आणली, की बर्फाच्या पाण्याच्या पेल्याला बाहेरून पाणी सुटते तसेच तिच्या सर्किटवरही दव धरते. अशी डिस्क तासभर तशीच ठेवून मग जोडावी.

दुसरा संगणक, आणि मग आपला

यानंतर डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडावी. तिथे दिसली तर दोष आपल्या संगणकात आहे आणि त्यावरचा उपाय सहसा सोपा असतो. विंडोज १० आणि ११ मध्ये 'शट डाउन' केल्यावर संगणक बहुधा पूर्णपणे बंद होत नाही, जलद सुरू होण्यासाठी काही स्थिती जपून ठेवतो. 'रीस्टार्ट' मात्र सगळे नव्याने सुरू करते, म्हणून आधी रीस्टार्ट करावे. मग डिव्हाइस मॅनेजर उघडून पिवळे उद्गारचिन्ह असलेले यूएसबी उपकरण 'अनइन्स्टॉल' करावे, केबल काढावी आणि पुन्हा जोडावी, म्हणजे विंडोज त्याची नोंद नव्याने करते. काही वेळाने आपोआप गायब होणाऱ्या डिस्कसाठी पॉवर ऑप्शन्समधील 'यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड' बंद करून पाहावे. ड्रायव्हर दुरुस्त करून देतो म्हणणारी फुकटची सॉफ्टवेअरे उतरवू नयेत. सर्वसाधारण यूएसबी डिस्कला लागणारा ड्रायव्हर विंडोजमध्येच असतो.

डिस्क मॅनेजमेंटमध्ये काय दिसते

दोन्ही संगणकांवर चिन्ह उमटत नसेल, पण डिस्क नीट फिरत असेल, तर स्टार्टच्या बटणावर उजवे क्लिक करून 'डिस्क मॅनेजमेंट' उघडावे. 'धिस पीसी'मध्ये फक्त (डी:, ई: असे) अक्षर मिळालेली विभाजने, म्हणजे डिस्कचे पाडलेले भाग, दिसतात, तर येथे विंडोजला प्रत्यक्ष जाणवलेली प्रत्येक डिस्क दिसते. ही खिडकी नुसती पाहायची आहे. तिच्यात समोर येणाऱ्या बहुतेक बटणांनी माहिती जाऊ शकते.

विभाजन 'हेल्दी' दिसत आहे आणि केवळ अक्षर नाही, ही सर्वांत सुखाची स्थिती होय. उजवे क्लिक करून मोकळे अक्षर दिले, की काम संपते. कार्यालयात नेटवर्कवरची डिस्क आणि ही डिस्क एकाच अक्षरासाठी भांडत असली, तर हे हमखास घडते. 'ऑफलाइन' लिहिले असेल तर डिस्कच्या नावावर उजवे क्लिक करून 'ऑनलाइन' करावे.

विभाजन दिसते, आकारही बरोबर दिसतो, पण फाइल सिस्टिमच्या, म्हणजे फाइली मांडण्याच्या पद्धतीच्या, जागी 'रॉ' असे लिहिले असेल किंवा काहीच नसेल, तर दोन शक्यता असतात. डिस्क मॅकवर वापरलेली असेल तर विंडोजला तिची लिपीच येत नाही. मुंबईच्या पुतण्याने आपल्या मॅकबुकवरून भरून दिलेली डिस्क गावी 'बिघडते' ती अशी, आणि ती मॅकला परत जोडली की तिला काहीही झालेले नसते. दुसरी शक्यता म्हणजे कॉपी चालू असताना लाइट गेल्यामुळे किंवा केबल ओढल्यामुळे फाइलींच्या नोंदी बिघडल्या आहेत. माहिती जागेवर असते, तिची अनुक्रमणिका फाटलेली असते. फॉरमॅट करण्याचा सल्ला देणारी चौकट याच वेळी येते आणि तिच्यात 'कॅन्सल' दाबायचे असते. जलद फॉरमॅटने नवी कोरी अनुक्रमणिका लिहिली जाते, त्यातून जुने बरेचसे परत मिळवता येते. पण 'क्विक फॉरमॅट'ची खूण काढून पूर्ण फॉरमॅट केले, तर विंडोज व्हिस्टापासूनच्या आवृत्त्या सबंध डिस्कवर शून्ये लिहितात आणि मग कोणाचाच इलाज चालत नाही.

डिस्क 'नॉट इनिशिअलाइज्ड' म्हणून दिसत असेल, तर तिचा आकार पाहावा. आकार बरोबर असेल तर विभाजनांचा तक्ता गेला आहे, आणि 'टेस्टडिस्क' नावाच्या मोफत साधनाने तो पुष्कळदा सापडतो. आकार दिसतच नसेल किंवा शून्य दिसत असेल, तर पेटीतले सर्किट बोलत आहे आणि आतली डिस्क उत्तर देत नाही असा त्याचा अर्थ. 'इनिशिअलाइज' मात्र दोन्ही वेळी दाबू नये. ग्रामदेवतेच्या पालखीचे शूटिंग करणारा एक तरुण फोनवर मला विचारत होता, "दादा, ओके करू का?" आणि मी नको म्हणेपर्यंत त्याने ते केलेही होते. त्याची माहिती मिळाली, पण अर्ध्या तासाच्या कामाला तीन दिवस लागले.

दुरुस्तीआधी नक्कल

डिस्क कशीही का होईना दिसू लागली, की माणसाला पहिला मोह 'चेक डिस्क' हे विंडोजमधले डिस्क तपासून दुरुस्त करणारे साधन चालवण्याचा होतो. हा क्रम उलटा आहे. चेक डिस्क माहिती वाचवण्यासाठी बनलेले नाही. फाइल सिस्टिम सुसंगत करण्यासाठी ते जुळत नसलेल्या नोंदी कापून टाकते, आणि मरायला टेकलेल्या डिस्कवर तासन्‌तास फिरून तिचा शेवटचा दम खर्च करते. म्हणून आधी दुसऱ्या, चांगल्या डिस्कवर सर्वांत महत्त्वाची फोल्डरे उतरवावीत, आणि तीही मोठ्या झुंडीने एकदम न उतरवता थोडी-थोडी.

डिस्कची तब्येत पाहण्यासाठी 'क्रिस्टलडिस्कइन्फो' हे मोफत साधन पुरेसे आहे. डिस्क स्वतःच्या बिघाडांची नोंद स्वतः ठेवत असते, आणि त्या यादीतल्या ५, १९७ आणि १९८ या क्रमांकांच्या ओळी मी आधी पाहतो: बदली केलेले खराब भाग, वाचता न आल्याने प्रतीक्षेत ठेवलेले भाग आणि दुरुस्त न होणारे भाग. १९७ ची संख्या शून्याहून अधिक असेल आणि दर जोडणीला वाढत असेल, तर डिस्क उतरणीला लागली आहे. साधने दशांशात किंवा सोळा अंकांच्या पद्धतीत आकडे दाखवतात, तेव्हा घाबरण्याआधी कोणती पद्धत निवडलेली आहे ते पाहून घ्यावे.

फोल्डर उघडताना संगणक अडकत असेल तर एक्सप्लोररमधून कॉपी करण्याचा हट्ट धरू नये. अशा वेळी मी लिनक्सवर (विंडोजऐवजी चालणाऱ्या दुसऱ्या प्रणालीवर) 'डीडीरेस्क्यू' हे नक्कल काढणारे साधन वापरतो. ते आधी सहज वाचता येणारे भाग उचलते, अडणारे भाग मागे ठेवते, आणि कुठवर आलो याची नोंद ठेवत असल्यामुळे मधे लाइट गेली तरी तिथून पुढे सुरू होते. मात्र त्यात मूळ आणि नक्कल यांची नावे उलट लिहिली गेली, तर कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर लिहिली जाते. ज्याला ही आज्ञा लिहिताना हात थोडाही चाचरतो, त्याने ती लिहू नये.

पेटी उघडण्यापूर्वी

आतली डिस्क फिरते, पण यूएसबीकडून काहीच कळत नाही, अशा वेळी पेटीतले रूपांतर करणारे छोटे सर्किट गेलेले असू शकते. डिस्क बाहेर काढून साध्या साटा केबलने, म्हणजे संगणकाच्या आतल्या डिस्कला असते तशा केबलने, संगणकाला जोडली की ती दिसते. मोठ्या डिस्कांच्या आणि सुट्या घेतलेल्या पेट्यांच्या बाबतीत हा उपाय चांगला आहे. पण बऱ्याच लहान डिस्कांमध्ये यूएसबीचे तोंड थेट डिस्कच्याच सर्किटवर बसवलेले असते, तिथे काढून जोडण्यासारखे काहीच नसते, आणि काहींमध्ये पेटीतले सर्किट माहिती कूटबद्ध करत असल्यामुळे साध्या केबलवर फक्त अर्थहीन अक्षरे दिसतात. वॉरंटी शिल्लक असेल तर पेटी उघडल्याने ती संपते. पेटी उघडणे एवढ्यापुरतेच ठीक. डिस्कचे स्वतःचे धातूचे झाकण उघडणे ही वेगळी गोष्ट आहे आणि ती कोणीही घरी करू नये. हेड ज्या उंचीवर तरंगते, तिच्यापुढे धुळीचा कण डोंगराएवढा असतो.

कुठे थांबायचे

ठोके, पीं-पीं, जळका वास, पडण्याचा इतिहास, शून्य आकार, आणि दर जोडणीला वाढत जाणारे वाचनदोष, यांपैकी काहीही असेल आणि आतली माहिती दुसरीकडे नसेल, तर केबल काढून ठेवावी. प्रत्येक जोडणीत खराब हेड तबकडीवर घासले जाण्याची शक्यता असते, आणि ज्या थरावर माहिती असते तोच थर त्यात निघतो. फ्रीझरमध्ये ठेवण्याचा उपाय कोणी सुचवला तर ऐकू नये. आपल्या हवेत फ्रीझरमधून बाहेर काढलेल्या डिस्कवर आतबाहेर पाणी सुटते. तांदळात ठेवल्यानेही काही साधत नाही, उलट कणीचे पीठ तोंडात जाते. दुसऱ्या तशाच डिस्कचे सर्किट काढून बसवण्याचा प्रयोगही करू नये, कारण त्या एका विशिष्ट डिस्कची जुळणी तिच्या सर्किटवरच्या चिपमध्ये असते आणि ती चिप हलवल्याशिवाय नवे सर्किट बहुधा चालत नाही.

भिजलेल्या डिस्कसाठीचा सल्ला लोकांना उलटा वाटतो. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुराने चिपळूण बुडाले, त्यानंतरच्या आठवड्यांत माझ्याकडे आलेल्या डिस्का नळाखाली धुऊन, उन्हात कडक वाळवून आणि मग जोडून पाहून आणलेल्या होत्या. बहुतेक साध्या डिस्कांना हवेचा दाब सारखा राहावा म्हणून गाळणी बसवलेले एक बारीक छिद्र असते आणि पाण्यात बुडाल्यावर त्यातून पाणी आत जाऊ शकते. ते आतच वाळले की गाळ आणि क्षार तबकडीवर पापुद्र्यासारखे बसतात. म्हणून अशी डिस्क मुळीच जोडू नये आणि वाळवूही नये; ओलसर फडक्यासह हवाबंद पिशवीत घालून शक्य तितक्या लवकर माहिती परत मिळवणाऱ्या प्रयोगशाळेकडे पोहोचवावी.

अशा प्रयोगशाळा मुंबई-पुण्यात आहेत. त्यांच्याकडे धूळमुक्त खोली आहे का, तपासणीचे शुल्क वेगळे आहे का, आणि माहिती मिळाली नाही तर किती पैसे द्यावे लागतील, हे तीन प्रश्न फोनवरच विचारून घ्यावेत. हेड बदलण्याचे काम हजारांत नव्हे, दहा हजारांच्या पटीत जाऊ शकते, त्यामुळे आतल्या माहितीची आपल्याला खरोखर किती गरज आहे हे घरात बसून आधी ठरवावे. सिनेमांनी भरलेल्या डिस्कसाठी मी कोणालाही हा खर्च करू देत नाही. हे काम माझ्यासारख्या गावातल्या दुकानदाराचे नाही, आणि जो दुकानदार झाकण उघडून पाहतो म्हणेल, त्याच्याकडून डिस्क परत घ्यावी.

पाठवताना डिस्क स्थितिक विजेपासून बचाव करणाऱ्या पिशवीत घालून सगळ्या बाजूंनी दोन बोटे जाडीचा फोम येईल अशा खोक्यात ठेवावी. एसटीच्या पार्सलमध्ये टाकण्यापेक्षा मुंबईला जाणाऱ्या ओळखीच्या माणसाच्या मांडीवरच्या पिशवीत ती अधिक सुखरूप जाते. खोक्यात एक चिठ्ठी घालावी: डिस्क कधी शेवटची नीट चालली, त्यानंतर काय घडले, कोणता आवाज आला, ती किती वेळा जोडली गेली, कोणती बटणे दाबली गेली, आणि कोणते फोल्डर आधी हवे आहे. बटणांची ओळ लिहिताना बहुतेकांचा हात थांबतो, पण समोरचा तंत्रज्ञ सगळ्यात आधी तीच ओळ वाचतो.